एआय कंपन्यांचा पैसा, धोके आणि राजकारण: सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, तासगाव, पलूस, वाळवा या भागातल्या सहकारी पतसंस्थांचं लेखापरीक्षण हे माझं काम. दप्तर तपासायला बसलं की अलीकडे कुणी ना कुणी एआयचा विषय काढतंच. मॅनेजर विचारतात, क्लार्क विचारतात, ठेवीची पावती बदलायला आलेले पेन्शनर काकाही विचारतात. चॅटजीपीटी कसं वापरायचं हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. या कंपन्यांचे हिशेब काय सांगतात आणि त्या राजकारणात एवढा पैसा का ओततात, याबद्दल मात्र मराठीत फार थोडं वाचायला मिळतं. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माहिती २०२६ च्या सुरुवातीपर्यंतची आहे. डॉलर नव्वद रुपयांना धरला आहे, म्हणजे एक अब्ज डॉलर म्हणजे नऊ हजार कोटी रुपये.

एआय कंपन्या म्हणतात त्या नेमक्या कोणत्या?

तीन थर समजून घेतले की पुढचं सोपं जातं. वरच्या थरात आपण ज्यांच्याशी बोलतो ती मॉडेल बनवणाऱ्या कंपन्या: चॅटजीपीटीवाली ओपनएआय, तिथूनच बाहेर पडलेल्या लोकांनी २०२१ मध्ये काढलेली अँथ्रॉपिक, गुगल, मेटा, इलॉन मस्क यांची एक्सएआय, चीनची डीपसीक. मधल्या थरात मोठमोठी डेटा सेंटर, म्हणजे हजारो संगणकांची केंद्रं, चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, गुगल, ओरॅकल. तळाला चिप. तिथे एनव्हिडियाचं राज्य आहे, आणि तिच्या चिप प्रत्यक्ष घडवते तैवानची टीएसएमसी.

पैसा वरून खाली वाहतो. आजवरचा खरा नफा तळाशी साठला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एनव्हिडियाचं बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरवर गेलं. तिथवर पोचलेली ती जगातली पहिली कंपनी.

मॅडम, एवढा गाजावाजा आहे, पण यांना नफा होतो का?

चिपवाल्यांना भरपूर होतो. गुगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन, मेटा यांचे जाहिराती, सॉफ्टवेअर, ऑनलाइन विक्री असे जुने धंदे जोरात आहेत, त्यांचा नफा मुख्यतः तिथून येतो. केवळ एआयवर उभी असलेली ओपनएआय तोट्यात आहे.

ओपनएआय शेअर बाजारात नाही, त्यामुळे तिचा ताळेबंद आपल्याला बघायला मिळत नाही. पण मायक्रोसॉफ्ट बाजारात आहे आणि तिचा ओपनएआयमध्ये हिस्सा आहे. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत त्या हिश्श्यापोटी मायक्रोसॉफ्टला आपल्या निव्वळ नफ्यातून ३.१ अब्ज डॉलर वजा दाखवावे लागले. म्हणजे जवळपास २८ हजार कोटी रुपये, एका तिमाहीत, आणि तेही एकाच भागधारकाच्या वाट्याचे.

दुसरा आकडा त्याहून बोलका आहे. ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये स्वतः लिहिलं की कंपनीचं उत्पन्न वर्षाला २० अब्ज डॉलरच्या वर जाईल, आणि पुढच्या आठ वर्षांत सुमारे १.४ लाख कोटी डॉलर खर्चाच्या जबाबदाऱ्या कंपनीने घेतल्या आहेत. रुपयांत ते सव्वाशे लाख कोटींच्या वर जातं. भारत सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प ५०.६५ लाख कोटींचा होता. त्याच्या अडीच पट खर्चाला एक कंपनी बांधली गेली आहे आणि तिचं आजचं उत्पन्न वर्षाला दोन लाख कोटींच्या आसपास आहे. कुठल्याही संस्थेचं असं दप्तर माझ्यासमोर आलं तर मी आधी चेअरमनना बोलावून घेईन.

मग एवढा पैसा येतो कुठून?

काही पैसा गुंतवणूकदारांचा. मार्च २०२५ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने ओपनएआयसाठी ४० अब्ज डॉलरची उभारणी जाहीर झाली. अँथ्रॉपिकने सप्टेंबर २०२५ मध्ये १३ अब्ज उभे केले. अ‍ॅमेझॉनने तिच्यात त्याआधीच ८ अब्ज घातले होते.

काही पैसा मात्र गोल फिरतो, आणि मला काळजी त्याची वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला, आणि ओपनएआय डेटा सेंटर उभारणार ती एनव्हिडियाच्याच चिप घेऊन. नोव्हेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ५ अब्जांपर्यंत आणि एनव्हिडियाने १० अब्जांपर्यंत अँथ्रॉपिकमध्ये घालायचं ठरवलं, आणि त्याच घोषणेत अँथ्रॉपिकने मायक्रोसॉफ्टकडून ३० अब्ज डॉलरची संगणकसेवा घ्यायचं मान्य केलं. एएमडी या चिप कंपनीने ओपनएआयला ठरावीक टप्पे पार केल्यावर आपले १६ कोटी शेअर जवळजवळ फुकट घेण्याचा हक्क दिला. बदल्यात ओपनएआय तिच्या चिप घेणार.

यात बेकायदा काही नाही. सगळं जाहीर केलेलं आहे. पण विकणाराच घेणाऱ्याला पैसे पुरवत असेल तर विक्रीचा आकडा खऱ्या मागणीचा किती आणि पुरवलेल्या पैशाचा किती, हे वेगळं काढणं अवघड होतं. तपासणीत आमचा पहिला प्रश्न हाच असतो की हा पैसा मुळात आला कुठून. इथे ते उत्तर तीन-चार कंपन्यांच्या वर्तुळात फिरून पुन्हा त्याच नावांवर येतं.

तिसरा भाग कर्जाचा, आणि तो झपाट्याने वाढतो आहे. मेटाने लुइझियाना राज्यातल्या एका डेटा सेंटरसाठी ब्लू आउल या वित्तसंस्थेबरोबर वेगळी कंपनी काढली आणि सुमारे २७ अब्ज डॉलरचा प्रकल्प तिच्यावर टाकला. मेटाचा त्यात हिस्सा २० टक्के. कर्ज त्या वेगळ्या कंपनीच्या नावावर, वापर मेटाचा. आपल्याकडच्या ज्या मंडळींनी संस्थेची देणी ‘संलग्न संस्थे’च्या नावावर बघितली आहेत त्यांना हे लगेच कळेल.

तुम्ही घसाऱ्याबद्दल सारखं बोलता. त्याचा एआयशी काय संबंध?

सगळ्यात जास्त संबंध तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. घसारा म्हणजे यंत्राची किंमत त्याच्या आयुष्यभरात दरवर्षी थोडी थोडी खर्ची टाकणं.

समजा ६० लाखांचं यंत्र घेतलं. त्याचं आयुष्य सहा वर्षं धरलं तर दरवर्षी १० लाख घसारा खर्ची पडतो. तीनच वर्षं धरलं तर २० लाख. इतर खर्च बाजूला ठेवू. यंत्रापासून वर्षाला १८ लाख मिळत असतील तर पहिल्या हिशेबाने आठ लाख नफा दिसतो, दुसऱ्याने दोन लाख तोटा. यंत्र तेच, मिळकत तीच, बँकेतली शिल्लकही तीच. बदललं फक्त कागदावरचं आयुष्य.

ऊस तोडणी यंत्र असो की बेदाण्याचं शीतगृह, त्याचं आयुष्य किती हे इतक्या वर्षांच्या अनुभवाने सांगता येतं. एआयच्या चिपबद्दल तसा अनुभवच नाही. एनव्हिडिया दरवर्षी नवी, जास्त वेगवान चिप आणण्याच्या मागे आहे. जुनी चिप बंद पडत नाही, पण तिला मिळणारं भाडं उतरतं. मग आयुष्य किती धरायचं? २०२५ च्या सुरुवातीला मेटाने आपल्या बऱ्याच सर्व्हरचं आयुष्य वाढवून साडेपाच वर्षं केलं, त्यामुळे त्या वर्षीचा घसारा सुमारे २.९ अब्ज डॉलरनी कमी होईल असं तिनेच सांगितलं. त्याच सुमारास अ‍ॅमेझॉनने आपल्या काही सर्व्हरचं आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणलं, आणि कारण दिलं की एआयमुळे तंत्रज्ञान फार वेगाने बदलतंय. एकाच वर्षी, एकाच प्रकारच्या यंत्रांबद्दल, दोन बलाढ्य कंपन्यांचे दोन उलटे निर्णय. दोन्हींवर लेखापरीक्षकांच्या सह्या आहेत.

मायक्रोसॉफ्ट, गुगल, अ‍ॅमेझॉन आणि मेटा या चौघांनी २०२५ मध्ये मिळून साडेतीनशे अब्ज डॉलरच्या वर भांडवली खर्च केला. घसाऱ्याचं एक वर्ष इकडचं तिकडे झालं तरी नफ्याचे आकडे किती हलतील याचा अंदाज यावरून करा.

हा फुगा फुटणार का? फुटला तर सांगलीला काय?

मला तंत्रज्ञान टिकेल असं वाटतं आणि आजच्या किमती टिकतील असं वाटत नाही. मार्च २००० ते ऑक्टोबर २००२ या काळात अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला होता. इंटरनेट राहिलं, कंपन्या मात्र शेकड्यांनी गेल्या. बँक ऑफ इंग्लंडने ऑक्टोबर २०२५ मध्ये एआयच्या चढ्या भावांमुळे मोठी घसरण होऊ शकते असा इशारा दिला. २७ जानेवारी २०२५ ला त्याची चुणूक मिळाली. चीनच्या डीपसीकने कमी खर्चात चांगलं मॉडेल केल्याची बातमी पसरली आणि एनव्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात जवळपास ६०० अब्ज डॉलरनी उतरलं. आपल्या केंद्राच्या वर्षभराच्या अर्थसंकल्पाएवढी रक्कम.

आपल्यापर्यंत झळ दोन वाटांनी येईल. एक, म्युच्युअल फंड. तुमच्या एसआयपीत नॅसडॅक १०० किंवा अमेरिकन शेअरचा फंड असेल तर पैशाचा मोठा भाग याच सात-आठ कंपन्यांत आहे. फंडाच्या महिन्याच्या पत्रकात पहिल्या दहा गुंतवणुकींची यादी असते, ती एकदा वाचा. दुसरी वाट नोकऱ्यांची. तासगाव, विट्याकडची कितीतरी पोरं हिंजवडीला आणि खराडीला आहेत. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करायचं जाहीर केलं. कंपनीने त्याचं कारण एआय असल्याचं नाकारलं, कौशल्यं जुळत नाहीत असं सांगितलं. तरीही परदेशी ग्राहक आता ‘एआय आहे ना, मग दर कमी करा’ म्हणतात, आणि ती कात्री शेवटी नवख्यांच्या भरतीवर चालते. पोराच्या पगाराच्या भरवशावर फ्लॅटचं मोठं कर्ज घेणाऱ्या पालकांना मी सध्या हात राखून घ्या असंच सांगते.

ओपनएआयचे शेअर बाजारात यायच्या आधी स्वस्तात मिळतील, असा मेसेज आलाय. घ्यावेत का?

नाही. ओपनएआय आणि अँथ्रॉपिक दोन्ही शेअर बाजारात नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून त्यांचे शेअर विकणारा माणूस फसवणाराच समजा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

आपल्याला हे सगळं फुकट का देतात?

एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी वर्षभर मोफत, जिओच्या ग्राहकांना जेमिनाय अठरा महिने मोफत, चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत. हे सगळं २०२५ च्या सहा महिन्यांत जाहीर झालं. अमेरिकेनंतर चॅटजीपीटीची सगळ्यात मोठी बाजारपेठ भारत आहे. सवय लावून घ्यायची, वापरणाऱ्यांचा आकडा गुंतवणूकदारांना दाखवायचा, आणि आपण लिहिलेल्यातून मॉडेल सुधारायचं. सेटिंगमध्ये आपलं बोलणं प्रशिक्षणासाठी वापरू देण्याचा पर्याय असतो. तो बंद करून घ्या, हे काम दोन मिनिटांचं आहे.

आपल्याकडे कारखाना आणि आमदारकी हातात हात घालून चालते. तिकडेही तसंच का?

वसंतदादांच्या काळापासून संस्था आणि सत्ता यांचं नातं सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. तिकडचं समजून घ्यायला ते उपयोगी पडतं, म्हणून हा प्रश्न मला आवडतो.

या कंपन्यांचा पैसा आणि राजकारण हे दोन वेगळे विषय नाहीत. एवढा खर्च अंगावर घेतला की सरकार आपल्या बाजूला असल्याशिवाय चालतच नाही. डेटा सेंटरला जमीन, पाणी, वीज लागते, त्याच्या परवानग्या सरकारच्या हातात. चिप चीनला विकायच्या की नाही, हे वॉशिंग्टन ठरवतं. ऑगस्ट २०२५ मध्ये एनव्हिडिया आणि एएमडी यांनी चीनमधल्या काही चिपविक्रीतला १५ टक्के वाटा अमेरिकी सरकारला द्यायचं कबूल केलं, तेव्हा त्यांना परवाने मिळाले. पुस्तकं आणि बातम्या न विचारता वापरल्या तर भरपाई किती, हे कायदा ठरवतो. लेखकांच्या एका खटल्यात अँथ्रॉपिकने २०२५ मध्ये दीड अब्ज डॉलर देऊन तडजोड केली. आणि मोठा ग्राहकही सरकारच. जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याने ओपनएआय, गुगल, अँथ्रॉपिक आणि एक्सएआय यांना प्रत्येकी २० कोटी डॉलरपर्यंतची कंत्राटं दिली. त्याआधी जूनमध्ये मेटा, ओपनएआय आणि पॅलंटिर यांचे बडे अधिकारी अमेरिकी लष्कराच्या राखीव दलात थेट लेफ्टनंट कर्नल म्हणून शपथबद्ध झाले होते.

नोव्हेंबर २०२५ मधला एक प्रसंग तर आपल्या भागातल्या कुणालाही लगेच कळेल. ओपनएआयच्या वित्तप्रमुख सारा फ्रायर एका कार्यक्रमात म्हणाल्या की डेटा सेंटरच्या कर्जाला सरकारचा आधार मिळाला तर बरं. म्हणजे थकहमी. गदारोळ झाला, त्यांनी शब्द मागे घेतले, आणि आम्हाला सरकारी हमी नको असं ऑल्टमन यांनी जाहीर केलं. कारखान्यांच्या थकहमीचं पुढे काय होतं आणि ती शेवटी कुणाच्या खिशातून फिटते, हे आपण बघितलेलं आहे. त्यामुळे हा विषय पुन्हा वर आला तर मी तो फार बारकाईने वाचणार आहे.

निवडणुकीचा पैसाही आता उघड आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये ‘लीडिंग द फ्यूचर’ नावाचा राजकीय निधी उभा राहिला, दहा कोटी डॉलरच्या वर. त्यामागे अँड्रीसन हॉरोविट्झ ही गुंतवणूक संस्था आणि ओपनएआयचे अध्यक्ष ग्रेग ब्रॉकमन आहेत. न्यूयॉर्कच्या विधिमंडळात एआय सुरक्षेचा कायदा आणणारे अ‍ॅलेक्स बोर्स संसदेसाठी उभे राहिले, तर या निधीने त्यांनाच पहिलं लक्ष्य केलं. मेटाने आपले वेगळे निधी काढले. नियम हवेत म्हणणाऱ्या बाजूला अँथ्रॉपिकने फेब्रुवारी २०२६ मध्ये दोन कोटी डॉलर दिले. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंचा पैसा त्याच नजरेने बघायला हवा. हेतू चांगला असला तरी ज्याच्यावर नियम लागू व्हायचे त्याच्याच पैशाने नियम करणारे निवडून येणं, हे बरं लक्षण नाही.

आता आपल्या आणि त्यांच्यातला फरक. कारखान्याच्या सभासदाला एक मत असतं. वार्षिक सभेत तो माईक हिसकावून काटा मारल्याबद्दल जाब विचारू शकतो, साखर आयुक्तांकडे जाऊ शकतो, पॅनेल पाडू शकतो. चॅटजीपीटी आठवड्याला ८० कोटी लोक वापरतात असं ऑल्टमन यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलं. त्या ८० कोटींपैकी एकालाही मत नाही.

निदान ओपनएआय तरी ना-नफा संस्था होती ना?

२०१५ मध्ये होती. २०१९ मध्ये नफ्यासाठी उपकंपनी काढली. नोव्हेंबर २०२३ मध्ये संचालक मंडळाने ऑल्टमन यांना काढलं, तर कर्मचारी आणि गुंतवणूकदार उलटले, पाच दिवसांत ते परत खुर्चीवर आणि काढणारे बहुतेक संचालक बाहेर. ऑक्टोबर २०२५ च्या फेररचनेनंतर मूळ संस्थेकडे सुमारे २६ टक्के आणि मायक्रोसॉफ्टकडे सुमारे २७ टक्के हिस्सा होता. संचालक नेमण्याचा अधिकार कागदोपत्री अजून मूळ संस्थेकडे आहे. तो वापरून बघितला तेव्हा काय झालं, ते वर लिहिलंच आहे.

नियम कुठेच नाहीत का?

आहेत, पण ओढाताण चालू आहे. युरोपचा एआय कायदा ऑगस्ट २०२४ पासून टप्प्याटप्प्याने लागू होतोय, आणि त्यातली कडक कलमं पुढे ढकलायचा प्रस्ताव खुद्द युरोपीय आयोगानेच नोव्हेंबर २०२५ मध्ये आणला. कॅलिफोर्नियात २०२४ मध्ये विधेयक मंजूर होऊन गव्हर्नरांनी ते अडवलं, पुढच्या वर्षी त्याचं सौम्य रूप कायदा झालं. राज्यांनी दहा वर्षं एआयवर कायदेच करू नयेत असं कलम अमेरिकी संसदेत आलं होतं. जुलै २०२५ मध्ये सिनेटने ते ९९ विरुद्ध १ मतांनी उडवलं. डिसेंबरमध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी राज्यांच्या कायद्यांना कोर्टात आव्हान देण्याचा आदेश काढला. दारातून काढलेलं खिडकीतून आलं.

दिल्ली-मुंबईतही त्यांचं वजन आहे?

आहे, आणि ते गुंतवणुकीच्या घोषणांतून येतं. गुगलने विशाखापट्टणमसाठी पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर, मायक्रोसॉफ्टने भारतासाठी १७.५ अब्ज, अ‍ॅमेझॉनने सगळे धंदे मिळून २०३० पर्यंत ३५ अब्ज जाहीर केले. त्यानंतर आलेल्या फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात, भारतातली डेटा सेंटर वापरून जगभर क्लाउड सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना २०४७ पर्यंत करसवलत देऊ केली. तुलनेला सरकारचं स्वतःचं इंडियाएआय मिशन बघा: १०,३७२ कोटी रुपये, म्हणजे सव्वा अब्ज डॉलरही नाही. ज्याच्या हातात एवढी मोठी रक्कम, त्याच्याशी बोलताना सरकारचा आवाज आपोआप खाली येतो. त्यासाठी कुणाला लाच द्यावी लागत नाही.

विजेचं काय? आपल्याला त्रास होईल का?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का डेटा सेंटरनी वापरली आणि २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून वाढेल. आपल्या शेजारचा कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. एनव्हिडिया आणि ओपनएआय यांच्या वर सांगितलेल्या त्या एका इराद्यात १० गिगावॉटची (१०,००० मेगावॉटची) डेटा सेंटर होती, म्हणजे पाच कोयना. आणि कोयना मुख्यतः मागणी वाढेल त्या वेळेपुरती चालवतात, डेटा सेंटरला वीज चोवीस तास लागते. महाराष्ट्रातली मोठी डेटा सेंटर मुंबई, नवी मुंबई, पुण्याकडे आहेत. शेतीला दिवसा वीज मागून थकलेल्या माणसाने आता वीज आयोगाच्या दरसुनावण्यांकडे लक्ष ठेवायला हवं. डेटा सेंटरला कोणत्या दराने वीज मिळते आणि नव्या वाहिन्यांचा खर्च कुणाच्या बिलात पडतो, हे तिथे ठरतं.

कंपन्यांचे प्रमुखच म्हणतात की एआय माणसाच्या मुळावर येऊ शकतं. मग बनवतात कशाला?

मे २०२३ मध्ये ऑल्टमन, अँथ्रॉपिकचे डारिओ अमोदेई आणि गुगल डीपमाइंडचे डेमिस हसाबिस यांनी एका निवेदनावर सही केली. एआयमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणं हे महामारी आणि अणुयुद्धाइतकंच महत्त्वाचं मानावं, असं त्यात होतं. आजच्या एआयचा पाया घालणारे शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन तर याच विषयावर मोकळेपणाने बोलता यावं म्हणून गुगल सोडून बाहेर पडले. त्यांना पुढच्या वर्षी नोबेल मिळालं.

बनवण्यामागचं त्यांचं म्हणणं असं की आम्ही थांबलो तर दुसरा कमी काळजीने बनवेल. हे म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण प्रत्येकजण हेच म्हणत असेल तर थांबवणारा कंपन्यांच्या बाहेरचाच असायला हवा. हिंटन यांच्यासारखा माणूस काळजीत असेल तर ती काळजी हसण्यावारी नेण्याइतकं माझं ज्ञान नाही.

रोजच्या कामातला धोका कोणता?

बिनधास्त खोटं बोलणं. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. एआयचं उत्तर तपासल्याशिवाय वापरू नका असं न्यायालयाने बजावलं. ऑस्ट्रेलियात डेलॉइटला सरकारी अहवालात अशाच चुका निघाल्यावर पैसे अंशतः परत करावे लागले. मी स्वतः एका संस्थेत असाच मसुदा बघितला आहे. थकबाकीदाराला पाठवायची नोटीस चॅटबॉटकडून लिहून घेतलेली, मराठी झोकदार, आणि सहकार कायद्याचं कलम भलतंच. तशी नोटीस गेली असती तर वसुलीचा दावा पहिल्याच तारखेला लंगडा पडला असता.

दुसरा धोका आवाजाचा. नातवाच्या आवाजात ‘आजोबा, अपघात झालाय, पैसे पाठवा’ असा फोन येतो. आवाजावर विश्वास ठेवायचे दिवस गेले. फोन ठेवा, आपल्याकडच्या नंबरवर उलटा लावा. अर्थमंत्र्यांचा चेहरा लावून गुंतवणूक योजना सांगणारे व्हिडिओही असेच बनावट. फेब्रुवारी २०२६ च्या नव्या नियमांनी अशा कृत्रिम व्हिडिओवर तशी खूण सक्तीची केली आहे. फसवणारा ती लावणार नाही, हे उघड आहे.

उसाला एआय बसवायचं म्हणतात. करावं का?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्डच्या मदतीने हा प्रयोग केला. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र, उपग्रहाची चित्रं, आणि मोबाइलवर पाणी-खताचा सल्ला. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनीही त्याचा उल्लेख केला होता. आता वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कारखाने तो पसरवत आहेत, आणि राज्याने जून २०२५ मध्ये शेतीच्या एआय धोरणाला ५०० कोटींची तरतूद केली. पाणी वाचत असेल तर माझा पाठिंबा आहे, कृष्णाकाठची क्षारपड जमीन बघून तर नक्कीच. फक्त सही करण्याआधी विचारा: माझ्या रानातल्या मातीची, पाण्याची, टनेजची माहिती कुणाच्या मालकीची? अनुदान संपल्यावर वर्षाचा खर्च किती? तोडणीचा क्रम ठरवताना ही माहिती वापरणार का? तिसरा प्रश्न विचारला की मिटिंगमध्ये शांतता पसरते, पण तो विचाराच.

शाळेतल्या मुलांनी वापरावं का?

अभ्यासाला, मोठ्यांच्या डोळ्यांसमोर, हो. मन मोकळं करायला एकट्याने, नाही. कॅलिफोर्नियात १६ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली आणि त्याच्या आई-वडिलांनी ऑगस्ट २०२५ मध्ये ओपनएआयवर खटला भरला. चॅटबॉटने त्याला त्या विचारांतून बाहेर काढण्याऐवजी आत ढकललं, असा त्यांचा आरोप आहे. त्यानंतर कंपनीने पालकांसाठी नियंत्रणं आणली. मूल रात्री दार लावून फोनशी बोलत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा.

तुम्ही स्वतः वापरता?

हो. लांबलचक परिपत्रकाचा गोषवारा काढायला आणि एक्सेलची सूत्रं शोधायला. सभासदाचं नाव, खातं, रक्कम यांपैकी काहीही त्यात घालत नाही.

आमच्या पतसंस्थेने काय करावं?

फुकटच्या चॅटबॉटमध्ये कर्जदारांच्या याद्या टाकणं आजच बंद करा. हे सर्रास चालतं, आणि करणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, कारण त्याचं काम लवकर होतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ चा, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पूर्ण अंमल २०२७ मध्ये. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. नागरी बँकांतल्या मंडळींनी रिझर्व्ह बँकेच्या समितीचा ऑगस्ट २०२५ चा एआयवरचा अहवालही वाचावा. आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य त्या समितीचे अध्यक्ष होते.

सॉफ्टवेअर विकायला येणारा आता ‘एआय आहे’ म्हणूनच येतो. त्याला लेखी विचारा की आत कोणाचं मॉडेल आहे, माहिती कुठल्या सर्व्हरवर राहते, आणि ती कंपनी बंद पडली तर काय. मे २०२५ मध्ये लंडनची बिल्डर डॉट एआय बुडाली. तिच्यात मायक्रोसॉफ्टचे पैसे होते, आणि विक्रीचे आकडे फुगवलेले निघाले. तिच्या ग्राहकांची कामं अधांतरी राहिली. म्हणून करारात तीन अटी घाला: करार संपल्यावर सगळी माहिती साध्या एक्सेलमध्ये परत मिळेल, दर वाढवायचा तर सहा महिने आधी कळवावं लागेल, आणि कर्ज मंजूर-नामंजूर करण्याचा शेवटचा निर्णय कर्ज समितीचाच राहील व त्याचं कारण इतिवृत्तात लिहिलं जाईल. विक्रेता पहिली अट मान्य करायला काचकूच करत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. आणि ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा करार ठेवा. सभासदांना तो वाचायचा हक्क आहे.